सनईचा मधला थर

महाराष्ट्रातील सनईवादनाच्या सद्यःस्थितीविषयी दोन परस्परविरोधी मते नेहमी ऐकू येतात. सनई हे मंगलवाद्य असल्यामुळे जोवर लग्ने आणि देवळे आहेत तोवर तिला मरण नाही, असे एक मत आहे, तर ध्वनिमुद्रित सनईने वाजंत्र्यांचा धंदा बसवला आणि ही कला आता दोन-चार घराण्यांपुरती उरली, असे दुसरे. दोन्ही मतांत तथ्य आहे, परंतु दोन्ही मते ऐकणाऱ्याच्या बाजूने मांडलेली आहेत. सनई वाजवून पोट भरणारा आणि त्याच वेळी पुढच्या पिढीला शिकवणारा माणूस कसा घडतो, कोणत्या व्यवस्थेवर जगतो आणि ती व्यवस्था मोडल्यावर त्याच्या कलेत नेमके काय कमी होते, हा प्रश्न त्यांत बाजूला पडतो. आणि कलेच्या स्थितीचा खरा अंदाज त्याच प्रश्नातून येऊ शकतो.

सनई हे दुहेरी पत्तीचे सुषिर वाद्य आहे. सुषिर म्हणजे हवेच्या फुंकीने वाजणारे, आणि दुहेरी पत्ती म्हणजे एकमेकींवर टेकलेल्या, मध्ये बारीक फट असलेल्या दोन पातळ पात्या, ज्या ओठांत धरून फुंकर घातली की थरथरतात आणि नळीतील हवेला आवाज देतात. या पत्तीला जिभाळी असेही म्हणतात. सनईची लाकडी नळी वरच्या बाजूला निमुळती व खाली रुंद होत जाणारी असते आणि तिच्या टोकाला बहुधा धातूचा पसरट कर्णा बसवलेला असतो. नळीवर बोटांसाठी भोके असतात, पण त्यांवर झाकणे वा चाव्या नसतात. म्हणून दोन स्वरांमधील सगळा प्रदेश, म्हणजे मींड, आंदोलन आणि श्रुतींचे सूक्ष्म भेद, वादकाला भोक अर्धवट उघडून, ओठांचा दाब बदलून आणि फुंकीचा जोर कमीजास्त करून काढावा लागतो. सनईच्या गळ्याशी दोऱ्याने बांधलेल्या जादा पत्त्या आणि पत्तीची फट सारखी करायची बारीक सळई लोंबत असते. शोभेची वाटणारी ही जुडी प्रत्यक्षात वादकाचा कारखानाच असतो, कारण पत्ती ओलावली, सुकली, जाड झाली किंवा चिरली की स्वर बिघडतो, आणि ती तासून, दाबून, बदलून घेण्याचे काम ऐन वादनाच्या ओघातही त्यालाच करावे लागते.

याच कुळातील ओबो आणि बसून या पाश्चात्त्य वाद्यांशी तुलना केली तर मुद्दा अधिक स्पष्ट होतो. ओबो हे सतराव्या शतकात फ्रान्सच्या दरबारात घडलेले, सनईसारख्याच निमुळत्या पोकळीचे पण चाव्यांनी नियंत्रित होणारे वाद्य आहे. बसून हे त्याचे खर्जातील भावंड, ज्याची सुमारे अडीच मीटर लांबीची नळी दुमडून वादकाच्या हाती दिलेली असते. वाद्यवृंद सुरू होण्यापूर्वी सगळी वाद्ये ओबोच्या एका स्वराशी जुळवून घेतात, इतके त्या वाद्याचे स्थान मध्यवर्ती आहे. तिकडेही बहुतेक व्यावसायिक वादक आपली पत्ती स्वतः तासतात आणि ती काही दिवसच टिकते. तिकडे वाजवणारा, शिकवणारा आणि पत्ती घडवणारा या तीन भूमिका एकाच माणसात एकवटलेल्या राहिल्या, आणि त्या टिकाव्यात अशी सोय संस्थांनी केली. पॅरिसच्या संगीतशाळेत जॉर्ज जिले यांनी १८८२ ते १९१९ या काळात ओबो शिकवला. त्यांचे शिष्य मार्सेल ताब्यूतो हे १९१५ पासून १९५४ पर्यंत फिलाडेल्फियाच्या वाद्यवृंदात वाजवत होते आणि त्याच शहरातील कर्टिस संस्थेत शिकवतही होते. अमेरिकेतील ओबोवादनाची आजची शैली मोठ्या प्रमाणात या एका पगारी जागेतून आणि तिच्याशी जोडलेल्या शिकवणीतून उभी राहिली. मुंबईत २००६ साली राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्राच्या आश्रयाने भारतीय सिंफनी वाद्यवृंद सुरू झाला, तेव्हा ओबो-बसूनच्या खुर्च्यांसाठी मुख्यतः परदेशी वादकांवर विसंबावे लागले. मुंबईत पाश्चात्त्य संगीताचा रसिक नव्हता असे नाही, चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गोव्याच्या वादकांची मोठी फळीही होती; परंतु तंतुवाद्यांच्या मानाने या दोन वाद्यांना रोज वाजवण्याची आणि शिकवण्याची जागा येथे फारशी निर्माण झालीच नव्हती.

महाराष्ट्रात सनईला मात्र अशी जागा शतकानुशतके होती, आणि ती नगारखान्यात होती. नगारखाना म्हणजे किल्ल्याच्या, वाड्याच्या किंवा देवळाच्या महाद्वारावर वा त्याच्या लगत बांधलेली वादकांची जागा, जिथे ठरावीक वेळी सनई आणि चौघडा, म्हणजे काठ्यांनी वाजवायच्या लहानमोठ्या नगाऱ्यांचा संच, झडत असे. रायगडावर राजदरबाराच्या दाराशी नगारखान्याची भव्य इमारत आजही उभी आहे; १७३२ साली बांधून झालेल्या पुण्याच्या शनिवारवाड्यात दिल्ली दरवाज्यावर नगारखाना आहे; जेजुरी, तुळजापूर, कोल्हापूर आणि गोव्यातील मंगेशी येथील देवस्थानांतही या वादनाची परंपरा राहिली. या जागेचे महत्त्व केवळ वैभवाच्या खुणेपुरते नव्हते. पहाटेच्या वादनाला श्रोता नसला तरी वाजवावेच लागे, आणि बैठकीची दाद नसलेल्या या रोजच्या वाजवण्यातूनच वेळेनुसार राग बांधण्याची सवय, दमसास आणि ओठांची ताकद तयार होत असे.

खेड्यांत हेच काम वाजंत्र्यांच्या ताफ्याकडे होते. शिरूर तालुक्यातील मांडवगण फराटा आणि पलीकडच्या दौंड तालुक्यातील भीमाकाठची गावे या प्रदेशाकडे पाहिले, तर लग्न, जत्रा, पालखी, वास्तुशांत आणि देवाचा छबिना या निमित्तांनी सनई, संबळ, हलगी आणि ताशा यांची गरज वर्षभर पडत आलेली दिसते. संबळ हे जोडीने वाजवायचे तालवाद्य असून गोंधळात आणि सनईच्या साथीला ते ठरलेले आहे. याच तालुक्यातील रांजणगावच्या गणपतीसारखी मोठी देवस्थाने आणि गावोगावच्या ग्रामदैवतांच्या जत्रा यांच्यामुळे ही गरज हंगामी असली तरी खात्रीची होती. वाजवणारे मुख्यतः घडशी, गुरव, होलार आणि मांग या समाजांतील होते, आणि मोबदला धान्याच्या किंवा ठरलेल्या मानाच्या रूपात मिळे. या व्यवस्थेचे कौतुक करताना तिची दुसरी बाजू झाकता येत नाही. ज्याच्या सनईवाचून मंगलकार्य पुरे होत नसे, त्या वाजंत्र्याला पंगतीत मात्र वेगळे बसवले जाई, आणि कला ही त्याची निवड नसून जन्माने आलेली जबाबदारी होती. म्हणून वाजंत्र्याच्या मुलाने शाळा शिकून दुसरी नोकरी धरली, तर त्याला कलेची हानी म्हणण्यापूर्वी त्या माणसाची सुटका म्हणणे प्रामाणिकपणाचे आहे. अडचण अशी की या सुटकेबरोबर शिकवणीची वाटही बंद झाली आणि तिच्या जागी दुसरी वाट कोणी बांधली नाही.

ही शिकवणी कशी चाले, हे समजून घेणे आवश्यक आहे. ताफ्यात नवा मुलगा प्रथम ‘सूर’ धरतो. मुख्य सनई स्वर फिरवत असताना दुसऱ्या सनईवर षड्ज अखंड चालू ठेवणे याला सूर धरणे म्हणतात. त्यासाठी गालात हवा साठवून ती बाहेर ढकलत असतानाच नाकाने श्वास घ्यावा लागतो, म्हणजे फुंकर तुटत नाही. ही क्रिया वहीत लिहून देता येत नाही. तासन् तास सूर धरल्याने ती अंगवळणी पडते. त्याच काळात मुलाच्या कानावर मुख्य वादकाची पूर्ण मांडणी पडत राहते, जिभेचा आघात कुठे द्यायचा आणि कुठे टाळायचा हे तो न विचारता शिकतो, आणि पत्ती ओली करणे, तासणे, बांधणे ही कामे त्याच्याकडेच येतात. ताफा हीच त्याची शाळा असे आणि सुपारीच्या पैशातील त्याचा लहानसा वाटा ही त्या शाळेची शिष्यवृत्ती. लग्नात ध्वनिफीत आणि मग ध्वनिक्षेपकाची भिंत आली, तेव्हा सर्वांत आधी कपात झाली ती या सूर धरणाऱ्या मुलाची. कारण मुख्य वादकाला एखाद्या कार्यालयात मानाने बोलावले गेले तरी सूर आता पेटीतून किंवा भ्रमणध्वनीतूनही मिळू लागला.

विसाव्या शतकात सनई मैफलीच्या व्यासपीठावर चढली, ही गोष्ट या ऱ्हासाला भरपाई म्हणून सांगितली जाते. बिहारमधील डुमराव येथे १९१६ साली जन्मलेले आणि काशी विश्वनाथाच्या मंदिरात वाजवणाऱ्या मामांकडे शिकलेले बिस्मिल्ला खाँ यांनी सनईला रागसंगीताच्या मुख्य वाद्यांच्या पंक्तीत नेले. मुंबईत जन्मलेले व्हायोलिनवादक वि. गो. जोग यांच्याबरोबरच्या त्यांच्या जुगलबंद्यांनी मराठी श्रोत्यालाही सनई बसून ऐकायची सवय लावली, आणि २००१ साली त्यांना भारतरत्न मिळाले. पुण्याच्या शंकरराव गायकवाडांच्या ध्वनिमुद्रिका घरोघर वाजल्या. रामलाल या सनईवादकाने ‘सेहरा’ (१९६३) आणि ‘गीत गाया पत्थरों ने’ (१९६४) या चित्रपटांना संगीत दिले. आकाशवाणीच्या सकाळच्या मंगलध्वनीने सनई रोजची केली, आणि १९५३ साली सुरू झालेल्या पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाचा प्रारंभ सनईने करण्याचा प्रघात पडला. ही कमाई लहान नाही. तरीही प्रारंभाचा मान म्हणजे मंडप भरत असतानाचा वेळ, हे महोत्सवाला नियमित जाणारा श्रोता जाणतो. आणि वर्षातून एकदा मिळणारा मान कितीही मोठा असला तरी त्यावर पाच माणसांचा संच पोसला जात नाही.

समीक्षेनेही या असमतोलाला हातभार लावला आहे. मैफलीतील सनईचे मोल ती गळ्याच्या किती जवळ जाते यावरून, म्हणजे गायकी अंगावरून, ठरवण्याची रीत रूढ झाली. त्यामुळे ख्याल, ठुमरी, नाट्यगीत आणि धुन यांपलीकडे सनईचे स्वतःचे असे जे वाङ्मय होते, म्हणजे छबिन्याच्या चाली, चौघड्याच्या बोलांशी लढत बांधलेल्या रचना, वरातीच्या आणि देवाच्या शेजारतीच्या वेळची वेगवेगळी वाजवणी, ते ‘साधे वाजंत्र्यांचे काम’ ठरले. अशोक दा. रानडे यांनी संगीताच्या आदिम, लोक, भक्ती, कला आणि जन अशा कोटी मांडल्या आणि त्या परस्परांत मिसळतात हेही दाखवले. सनई या बहुतेक कोटींत सहज वावरते, आणि तिचे सामर्थ्य त्या वावरात आहे. तिला एकाच कोटीत चढती पायरी म्हणून पाहिले की बाकीच्या कोटींतील वादक समीक्षकाच्या नजरेआड होतो. परिणामी मैफलीतील मोजके नामवंत आणि वरातीत ऐकू न येणारे अनेक अनाम वादक यांच्यामधला थर, म्हणजे उत्तम वाजवणारा, चार मुलांना शिकवणारा, गावात ओळख असलेला पण व्यासपीठावर नसलेला वादक, दिसेनासा झाला.

सोलापूरची सुंदरी हे या संदर्भात महत्त्वाचे उदाहरण आहे. सुंदरी हे सनईच्याच जातीचे, आकाराने तिच्याहून बरेच लहान आणि आवाजाने टोकदार असे वाद्य असून सोलापूरच्या जाधव घराण्याने, विशेषतः सिद्धराम, चिदानंद आणि भीमण्णा जाधव यांनी, ते मैफलीपर्यंत आणले. एका कुटुंबाने एक वाद्य जगवले, ही अभिमानाची बाब आहे. पण त्याच वेळी ते वाद्य मुख्यतः एका कुटुंबाच्या भरवशावर राहिले, हा धोक्याचा इशाराही आहे, कारण घरातील एक पिढी दुसरीकडे वळली तर नोंदवलेली पद्धत आणि बाहेरचा शिष्य या दोन्हींअभावी सगळेच थांबते. पुण्याच्या गायकवाड घराण्यातील नम्रता गायकवाड यांनी सनई हाती घेतली, ही याच्या उलट दिशेची घटना आहे. दमसासाचे आणि पुरुषांच्या ताफ्यांचे मानलेले हे वाद्य स्त्रीने मैफलीत वाजवावे, यातून सनईच्या भोवतीची एक मर्यादा मोडली. आता जातीची आणि घराची मर्यादा मोडून बाहेरचा विद्यार्थी सनईकडे येतो का, ही पुढची कसोटी आहे.

संगीत विद्यालयांतील आठवड्याच्या एक-दोन तासांच्या वर्गांत ही कसोटी पुरी होणे कठीण आहे. सतार किंवा संवादिनी घरी ठेवून हळूहळू शिकता येते. सनईचे ओठ मात्र काही दिवस वाजवले नाही तर उतरतात, घराघरांच्या दाटीत तिचा आवाज शेजाऱ्यांना खपत नाही, आणि पत्ती घडवणे न शिकलेला विद्यार्थी कायम दुसऱ्यावर अवलंबून राहतो. म्हणून प्रमाणपत्रापेक्षा जागा महत्त्वाची. मोठ्या देवस्थानांनी सकाळ-संध्याकाळच्या वादनासाठी जातीची अट न ठेवता पगारी वादक नेमावेत, त्यांच्या कामात सूर धरणाऱ्या दोन विद्यार्थ्यांची शिकवणी अंतर्भूत करावी आणि त्या विद्यार्थ्यांनाही विद्यावेतन द्यावे, ही अपेक्षा अवाजवी नाही. देवळात ध्वनिमुद्रित सनई लावणे स्वस्त पडते खरे, पण त्या यंत्राकडून कोणी काही शिकत नाही. याच्या जोडीला शिरूर-दौंडसारख्या भागांतील जत्रांच्या चाली वयस्क वादकांकडून, त्यांच्या नावानिशी आणि मोबदला देऊन, ध्वनिमुद्रित करून ठेवणे हे विद्यापीठांच्या संगीत विभागांना सहज जमण्यासारखे काम आहे.

सनईला श्रोता आहे, नामवंत आहेत आणि मान तर भरपूर आहे. उणीव आहे ती रोज वाजवण्याच्या, वाजवताना शिकवण्याच्या आणि त्याबद्दल पैसे मिळण्याच्या जागेची. ओबो आणि बसून ही चाव्यांनी जखडलेली परकी वाद्ये जगभर तयारीचे वादक निपजवत राहिली, याचे श्रेय त्यांच्या रचनेइतकेच वाद्यवृंदातील त्या दोन-दोन पगारी खुर्च्यांना आणि त्यांच्याशी जोडलेल्या शिकवणीला द्यावे लागते. महाराष्ट्रातील सनईच्या स्थितीचा पुढचा आढावा घेणाऱ्याने महोत्सवांच्या कार्यक्रमपत्रिका पाहण्याआधी तालुक्याच्या ठिकाणी सूर धरणारी मुले किती आहेत, हे मोजावे.