आनंदाच्या भरात : 'नटसम्राट' पुन्हा पाहताना

२०१६च्या जानेवारीत 'नटसम्राट' हा चित्रपट आला. त्याच वर्षी कधीतरी आम्ही तीन कुटुंबांनी मिळून तो डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्या घरी पाहिला. शुक्रवार होता, तेव्हा इथे सुटी शुक्रवारची असे. चित्रपट संपल्यावर बराच वेळ कोणी दिवा लावेना. मग चहा झाला आणि बोलणे नेहमीच्या वळणावर आले : मुले कृतघ्न असतात, सुना तर अशाच, म्हाताऱ्यांनी हयातीत काही कोणाच्या नावावर करू नये. रात्री साडेअकराला मंडळी पांगली. भारतात तेव्हा एक वाजला होता, त्यामुळे घरी फोन करण्याचा प्रश्नच नव्हता. दुसऱ्या दिवशी मी केला की नाही, ते आठवत नाही. बहुधा नाहीच.

त्या रात्रीपासून मनात जे टोचत राहिले ते मुलांविषयी नव्हते, खुद्द अप्पासाहेबांविषयी होते. पुढे वि. वा. शिरवाडकरांचे मूळ नाटक पुन्हा वाचून काढले, आणि आपण सगळे हे नाटक चुकीच्या ठिकाणी सुरू करतो, अशी माझी खात्री झाली. आपण ते सुरू करतो मुलाच्या घरातल्या पहिल्या अपमानापासून. पण तोवर जे व्हायचे ते होऊन गेलेले असते.

नाटक उघडते ते सत्काराच्या भाषणाने. आयुष्यभर रंगभूमी गाजवून निवृत्त झालेले गणपतराव बेलवलकर तृप्त आहेत. लोकांचे प्रेम ओसंडते आहे, शेजारी कावेरी आहे, मुले मार्गी लागली आहेत. या तृप्तीच्या लाटेवर ते सगळी मिळकत नंदा आणि नलूला देऊन टाकतात. त्यांच्यावर कोणी दबाव आणलेला नाही, कोणी फसवलेले नाही, ते रागावलेले नाहीत, घाबरलेले नाहीत. ते फक्त फार आनंदात आहेत.

रागाच्या भरात काही करू नये, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले असते. दहा आकडे मोज, पाणी पी, उद्या बोलू. आनंदाच्या भरात काही करू नये, असे मात्र कोणी शिकवत नाही. उलट आनंदात दिलेला शब्द आपण मोठ्या मनाचे लक्षण मानतो. माझी डॉक्टरेट नियंत्रणशास्त्रातली, म्हणून त्या भाषेत सांगतो (वाचकांनी क्षमा करावी). यंत्राचा वेग वाढला की तो वाढलाच कसा हे मोजून आपोआप ब्रेक लावणारी एक जोडणी असते. रागाला ती समाजाने बसवून दिली आहे : बायको आवरते, शेजारी आवरतात, आपली आपल्याला लाज वाटते. आनंदाला उलटीच जोडणी असते. जितके द्याल तितक्या टाळ्या, जितक्या टाळ्या तितके अधिक द्यावेसे वाटते. आणि अप्पासाहेबांचे तर सारे आयुष्य टाळ्यांवर गेलेले.

शिरवाडकरांनी हे नाटक शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'च्या धर्तीवर उभे केले, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यांनी बदलले काय, इकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. लिअर राज्य वाटण्याआधी मुलींना विचारतो, तुमचे माझ्यावर किती प्रेम आहे? धाकटी कॉर्डेलिया खुशामत करीत नाही, तो संतापतो, आणि त्या संतापात तिचा वाटा थोरल्या दोघींना देऊन टाकतो. लिअरची चूक क्रोधाची आहे, म्हणून ती कोणालाही ओळखू येते. दरबारातला केंट तिथल्या तिथे त्याला बजावतोही. बेलवलकर मुलांना काहीच विचारीत नाहीत. त्यांचे देणे निर्मळ आहे. म्हणूनच प्रेक्षकांतून केंटसारखे कोणी मनातल्या मनातही 'थांबा' म्हणत नाही. माझ्या मते शिरवाडकरांनी मूळ नाटकावर केलेली ही सर्वांत खोल दुरुस्ती आहे, आणि नाटकाच्या वक्तृत्वाच्या झगमगाटात ती दिसेनाशी झाली आहे.

आपल्याकडच्या जुन्या शास्त्राला हे समजले असते. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात आठ स्थायी भाव सांगितले आहेत : रती, हास, शोक, क्रोध, उत्साह, भय, जुगुप्सा, विस्मय. त्यांच्या जोडीला तेहेतीस व्यभिचारी किंवा संचारी भाव, म्हणजे येऊन जाणारे, लाटेसारखे. कॉलेजात असताना ही यादी मला निव्वळ पाठांतराची वाटे. 'रसविमर्श'मध्ये डॉ. के. ना. वाटव्यांनी तिची सांगड मॅक्डूगलच्या मानसशास्त्राशी घातली आहे, ती वाचली तेव्हाही माझ्या डोक्यावरून गेली. आता त्या यादीत काय कुठे ठेवले आहे ते पाहू लागलो, तर क्रोध स्थायी आहे. हर्ष मात्र संचारी आहे, आणि गर्वही संचारी आहे. म्हणजे अप्पासाहेबांनी बक्षीस दिले ते दोन येऊन जाणाऱ्या भावांच्या जोरावर. भाव संचारी, दस्तऐवज मात्र स्थायी. आयुष्यभर रंगमंचावर हे सारे भाव हुकमी उभे करणाऱ्या नटाला आपल्या मनात या घटकेला कोणता चालू आहे ते ओळखता येऊ नये, हा या नाटकातला खरा दैवदुर्विलास. मुलांचे वागणे हा त्याचा परिणाम.

इथे कोणी म्हणेल, मग काय भावना बाजूला ठेवून हिशेबाने जगावे? तसेही नाही. अंतोनिओ दमासिओ या मेंदूशास्त्रज्ञाने १९९४ साली 'देकार्तची चूक' या अर्थाच्या नावाचे पुस्तक लिहिले. त्यात एलियट या टोपणनावाचा एक रुग्ण आहे. मेंदूतली गाठ काढताना त्याच्या कपाळामागच्या भागाला इजा झाली. बुद्धी शाबूत, स्मरण शाबूत, भाषा शाबूत. भावना तेवढ्या विझल्या. आता हा माणूस अगदी तर्कशुद्ध वागायला हवा होता. प्रत्यक्षात त्याला कामाचा क्रम लावता येईना, नोकरी गेली, भलत्या धंद्यात पैसे बुडाले, संसार मोडला. तशाच इजेच्या दुसऱ्या एका रुग्णाला पुढच्या भेटीसाठी दोन तारखा दिल्या, तर तो जवळजवळ अर्धा तास दोन्हींचे फायदे-तोटे मांडीत बसला. ज्याला काहीच वाटत नाही त्याला काहीच ठरवता येत नाही. भावना म्हणजे निर्णयातली गडबड, ही आम्हा इंजिनिअरांची समजूत त्यामुळे खोटी ठरते.

याचे मराठी उदाहरण नाटकाच्या बाहेर, पण अगदी दाराशी उभे आहे. २३ डिसेंबर १९७० रोजी मुंबईच्या बिर्ला मातोश्री सभागृहात गोवा हिंदू असोसिएशनने 'नटसम्राट'चा पहिला प्रयोग केला. दिग्दर्शक पुरुषोत्तम दारव्हेकर, कावेरी शांता जोग, आणि बेलवलकर डॉ. श्रीराम लागू. लागू कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक. टांझानियात काही वर्षे नोकरी केलेले, म्हणजे एका अर्थी आपल्यातलेच. १९६९ साली, चाळिशी उलटल्यावर, त्यांनी चालता व्यवसाय सोडला आणि पूर्णवेळ नट झाले. हा निर्णयही भावनेचाच, हिशेबात न बसणारा. पण ती ओढ त्यांच्यात कॉलेजच्या दिवसांपासून होती, आफ्रिकेत राहूनही विझली नव्हती. तिला लाट म्हणता येणार नाही. अप्पासाहेबांचा निर्णय आणि ती भूमिका करणाऱ्या माणसाचा निर्णय, दोन्ही भावनेतून आलेले; फरक त्या भावनेच्या वयाचा.

आता नाटकाबद्दलची एक तक्रार. शिरवाडकरांनी सगळी उत्तम भाषा एकट्या अप्पासाहेबांना दिली आहे. सून शारदा हिच्या मनात काय चालले आहे ते आपल्याला कधी नीट कळत नाही. नातीला आजोबा काय शिकवतात यावरून तिचा खटका उडतो, तेव्हा प्रेक्षक लगेच तिच्या विरोधात जातो, कारण समोरच्या माणसाकडे शेक्सपिअर आहे आणि तिच्याकडे फक्त घरातली कुरबुर. पण ठमी तिची मुलगी आहे. पाहुण्यांसमोर तिला जे वाटले असेल ते लाजेसारखे काहीतरी होते, आणि लाज माणसाला क्रूर करते, हे आपण सर्वांनी आपापल्या घरी पाहिले आहे. नलूचेही तेच. चोरीचा आळ ती घेते, तो निव्वळ दुष्टपणाने नव्हे. शंका, नवऱ्याची भीती आणि वडिलांपुढची अडचण यांचा गुंता तिच्या मनात असणार. नाटककार तो सोडवत बसत नाही. ज्याच्याकडे शब्द, त्याच्याकडे सहानुभूती. महेश मांजरेकरांच्या चित्रपटाने ही बाजू सावरली नाही, उलट नाना पाटेकरांच्या जोडीला विक्रम गोखल्यांचा रामभाऊ आणून म्हातारपणाच्या बाजूला आणखी एक मोठा आवाज दिला. त्या दोघांचे प्रसंग पाहताना भान हरपते, हेही कबूल केले पाहिजे. पण मुलांच्या बाजूचा तोल आणखी गेला.

लिअरला शेवटी कॉर्डेलिया भेटते. बेलवलकरांना भेटतो बूटपॉलिश करणारा राजा. रक्ताच्या नात्याबाहेरचा हा पोरगा त्यांना धरून ठेवतो, आणि त्याला त्यांच्याकडून मिळण्यासारखे काहीही उरलेले नसते. इथे शिरवाडकर भाषणे थोडी आवरतात आणि नाटक मोठे होते.

राहता राहिले प्रेक्षक, म्हणजे त्या शुक्रवारचे आम्ही. विल्यम जेम्स या मानसशास्त्रज्ञाने १८९० सालच्या आपल्या ग्रंथात एका रशियन बाईचा दाखला दिला आहे. नाटकातल्या काल्पनिक पात्रांसाठी ती ढसाढसा रडते, आणि बाहेर तिचा गाडीवान आपल्या जागेवर थंडीने गारठून मरतो. जेम्सचे म्हणणे असे, की भावना जागी झाली आणि तिच्यातून कृती झाली नाही, की पुढच्या वेळी कृती आणखी अवघड होते. उपाय म्हणून तो अगदी साधी गोष्ट सुचवतो : संगीत ऐकून मन भरून आले तर निदान आजीशी चार गोड शब्द बोला. आपले रसशास्त्र नेमके उलट टोकाला आहे. रंगभूमीवरचा शोक कुणा एकाचा नसतो, म्हणून तर त्याचा आस्वाद घेता येतो, असे ते म्हणते. मला दोन्ही खरे वाटतात, आणि म्हणूनच अवघडल्यासारखे होते. दुबईत बसून बेलवलकरांसाठी रडताना आपण आस्वाद घेत असतो, की एक जुने देणे स्वस्तात फेडत असतो?

हा प्रश्न मला पुस्तकी राहिला नाही. गेल्या दिवाळीत नाशिकला गेलो होतो. माझ्या मुलीचा दहावीचा निकाल चांगला लागला होता, त्याचे कौतुक घरात अजून चालू होते. जेवणे झाल्यावर बाबा एकदम म्हणाले, "हे घर तुझ्या नावावर करून टाकतो. बक्षीसपत्र करू, उद्याच वकिलाकडे जाऊ." मुलाला राहते घर बक्षीस द्यायचे तर महाराष्ट्रात २०१५पासून मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये, वर काही अधिभार; तेव्हा अडचण काहीच नव्हती. आईने पानाचा डबा बंद केला आणि काही बोलली नाही. मला आनंद झाला, हे लपवत नाही. घराचा नव्हे, त्यांच्या चेहऱ्यावरच्या उजेडाचा. आणि त्या उजेडातच मला सत्काराचे ते भाषण आठवले.

रात्री कायदा पाहिला. नोंदवलेले बक्षीसपत्र सहसा मागे घेता येत नाही. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचे कलम २३ आहे. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, सांभाळ झाला नाही तर परत मिळवण्याची वाट ते दाखवते. पण त्यासाठी अट घातलेली असावी लागते, आणि आनंदात असलेला माणूस अट घालत नाही. बेलवलकरांनी घातली नव्हती.

सकाळी बाबांना म्हणालो, बक्षीसपत्र नको, मृत्युपत्र करा. ते हवे तेव्हा बदलता येते. त्यांचा चेहरा उतरला. थोड्या वेळाने म्हणाले, "म्हणजे तुला माझा भरवसा नाही, की तुझा तुला?"

मी काहीच बोललो नाही. आई आतून म्हणाली, "चहा गार होतोय दोघांचा." वकिलाकडे आम्ही गेलो नाही. दुबईला परत निघालो तेव्हा बाबा फाटकापर्यंत आले, नेहमीसारखे रस्त्यापर्यंत आले नाहीत. आता दर शनिवारी आमच्या दहाला, म्हणजे त्यांच्या साडेअकराला, मी फोन करतो. क्रिकेट होते, गुडघे होतात, नातीचे कॉलेज होते. घराचा विषय अजून दोघांनीही काढलेला नाही.