बास गिटारवादनातील अंगुलितंत्र आणि ‘निकास’ ही संकल्पना : एक चिकित्सा

प्रस्तावना

वाद्यवृंदातील सर्वांत खालच्या सुरांकडे श्रोत्याचे लक्ष सहसा जात नाही. मात्र ते सूर थांबले की गाण्याचा पाया खचल्याची जाणीव त्याला तत्काळ होते. बास गिटार या वाद्याच्या वाट्याला समीक्षेतही हीच उपेक्षा आली आहे. मराठी संगीतसमीक्षेने राग, बंदिश, गायकी आणि घराणे यांची सूक्ष्म परिभाषा सिद्ध केली. बास गिटारच्या वादनाविषयी बोलताना मात्र ‘दमदार’, ‘घुमारदार’ अशा मोजक्या विशेषणांपलीकडे ती फारशी जात नाही. प्रस्तुत लेखात या वाद्याच्या उजव्या हाताच्या अंगुलितंत्राचे स्वरूप तपासून, तबलावादनाच्या परंपरेतील ‘निकास’ ही संकल्पना त्याच्या समीक्षेस कितपत उपयुक्त ठरते, याचा विचार केला आहे.

वाद्य, तार आणि बोट

लिओ फेंडर यांच्या कंपनीने १९५१ मध्ये ‘प्रिसिजन बास’ हे वाद्य बाजारात आणले. उभ्या, अवजड डबल बासचे काम आडव्या धरता येणाऱ्या, पडदे असलेल्या विद्युत्-वाद्यावर करणे त्यामुळे शक्य झाले. त्याच्या तारेची कंप पावणारी लांबी सुमारे ८६ सेंटिमीटर असते आणि सर्वांत जाड तार मोकळी छेडली असता सेकंदाला सुमारे ४१ कंपने होतात. इतक्या जाड, लांब तारेवर आघाताचा किरकोळ फरकही कानाला जाणवतो.

रूढ शिक्षणपद्धतीत अंगठा पिकअपवर टेकवून तर्जनी व मध्यमा यांनी आळीपाळीने तार छेडली जाते. छेडलेले बोट शेजारच्या जाड तारेवर येऊन विसावते. त्यामुळे आघातास वजन येते आणि ती शेजारची तार आपोआप गप्प राहते. हा दुसरा लाभ अधिक महत्त्वाचा मानला पाहिजे. बास गिटारमध्ये सूर काढण्याइतकेच तो वेळेवर थोपवणे आवश्यक असते. न थोपवलेले सूर एकमेकांत मिसळून लय गढूळ होते.

तार कोठे छेडली जाते, यावरही नादाचा गुण ठरतो. घोडीजवळ छेडल्यास वरचे स्वरांश प्रबळ होऊन नाद रेखीव व काहीसा अनुनासिक होतो. दांडीकडे छेडल्यास तो गोल व मऊ होतो. बोटाचा मांसल भाग वरचे स्वरांश मवाळ करतो, तर नख अथवा पट्टी त्यांना धार देते. म्हणजेच डावा हात सुराची उंची ठरवतो, तर त्या सुराचे व्यक्तिमत्त्व प्रामुख्याने उजवा हात घडवतो.

नियम आणि अपवाद

दोन बोटांचा आळीपाळीचा नियम वेग व सातत्य यांसाठी उपयुक्त आहे, यात शंका नाही. तथापि त्यालाच शुद्धतेचा निकष मानणे कितपत योग्य, हा प्रश्न जेम्स जेमरसन (१९३६–१९८३) यांच्या वादनामुळे उपस्थित होतो. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीचे हे वादक मूळचे डबल बासवादक. ते प्रायः केवळ तर्जनीनेच तारा छेडत आणि त्यांच्या या बोटाला ‘हुक’ असे नाव पडले होते. एकाच बोटाने वाजवल्याने आघातांत एकजिनसीपणा येतो. चपट्या वेष्टनाच्या जुन्या तारांमुळे त्यास मऊ, ठोस पोत लाभतो. त्यांच्या स्वरावली चपळ असूनही कंठसंगीताच्या आड येत नाहीत, याचे एक कारण या पोतात आहे.

याउलट जॅको पॅस्टोरियस (१९५१–१९८७) यांनी पडदे काढलेल्या बासवर, घोडीच्या बाजूस दोन बोटांनी वाजवून, या वाद्याला गाता आवाज दिला. १९७६ च्या त्यांच्या स्वनाममुद्रिकेतील ‘पोर्ट्रेट ऑफ ट्रेसी’ या रचनेत तारेला हलका स्पर्श करून काढलेल्या स्वरांशांवर संपूर्ण कल्पना उभी आहे. एकाचे तंत्र दुसऱ्यास दिल्यास दोघांचेही संगीत उणे होईल. तंत्राची योग्यता अभिप्रेत नादावरून ठरते, असा निष्कर्ष यातून निघतो.

भारतीय संगीतातही याचा दाखला आहे. मुंबईत वास्तव्य करून पनवेलजवळ पळस्पे येथे गुरुकुल उभारणारे उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर (१९२९–१९९०) यांनी रुद्रवीणेचे भोपळे व दांडी मोठी करून जाड तारा वापरल्या आणि मिजराब वर्ज्य करून उघड्या बोटांनी वादन केले. खर्जातील आलाप त्यांना अभिप्रेत होता. बोटांनी त्याचा मार्ग धरला.

‘निकास’ची उपयुक्तता

तबल्यात एकाच पुडीवर बोट, जागा आणि दाब यांच्या फरकाने ‘ना’, ‘तिं’, ‘तूं’ असे भिन्न वर्ण निघतात. वर्ण कसा काढला जातो, त्यास निकास म्हणतात. कलावंताचे मूल्यमापन करताना जाणकार निकासाविषयी बोलतात आणि त्यावरून बाजाची ओळखही पटवतात. बास गिटारच्या समीक्षेत हाच प्रश्न विचारता येईल : कोणते बोट, तारेच्या कोणत्या जागी, किती दाबाने, आणि सूर कोठे थोपवला?

येथे एक मर्यादाही लक्षात घेतली पाहिजे. तबल्याचे वर्ण मुखोद्गत असून पढंतीत म्हणता येतात. बास गिटारच्या आघातांना अशी सर्वमान्य नावे नाहीत. म्हणून तबल्याचे बोल या वाद्यावर लादणे अनुचित ठरेल. बोल न घेता ऐकण्याची दृष्टी तेवढी घ्यावयाची आहे.

परिभाषा आणि श्रेय

हा प्रश्न केवळ शब्दांचा नाही. १९६० च्या दशकात मोटाउनच्या ध्वनिमुद्रिकांवर वादकांची नावे छापली जात नसत. १९७१ च्या मार्विन गे यांच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’वर जेमरसन यांचा नामोल्लेख झाला. मुंबईतही हेच घडले. राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदातील बास गिटारवादक टोनी वाझ यांच्यासारखे कलावंत लाखो कानांपर्यंत पोहोचले, परंतु चित्रपटांच्या श्रेयनामावलीत अशा वादकांना सहसा स्थान नव्हते. ग्रेगरी बूथ यांनी २००८ मधील आपल्या ग्रंथात या वादकांच्या मुलाखतींच्या आधारे हा इतिहास मांडला. ज्या कामाचे वर्णन करण्यास शब्द नाहीत, ते काम करणाऱ्याचे नाव विस्मृतीत जाणे सोपे होते.

नागपूरसारख्या शहरातील गणेशोत्सवाचे ऑर्केस्ट्रा असोत वा भीमगीतांचे कार्यक्रम, खालचे सूर अनेकदा कीबोर्डवरच भागवले जातात. सूर तेच लागतात. मात्र तारेवरील बोटाचा निकास हरवतो. तो हरवला हे ऐकू येण्यासाठी श्रोत्याकडे आधी त्याची जाण हवी.

निष्कर्ष

बोटांची संख्या हा अंगुलितंत्राचा निकष ठरू शकत नाही. आघात, जागा, दाब आणि विराम यांचा अभिप्रेत नादाशी असलेला मेळ हाच खरा निकष होय. महाविद्यालयीन संगीत-अध्यापनात सतार व तबला यांच्यासाठी वापरली जाणारी ही दृष्टी बास गिटारलाही लावल्यास, सर्वांत खालचे सूर वाजवणाऱ्या कलावंतास समीक्षेत त्याच्या नावानिशी स्थान मिळू शकेल.