करकंडूचं लेणं : दंतकथेला कोणता प्रश्न विचारायचा?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी एक वाक्य लिहिलं होतं: "धाराशिवची लेणी मुळात जैनच होती, याचा पुरावा 'करकंडचरिउ' या ग्रंथात मिळतो." गाईडनी त्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि बाजूला दोनच शब्द लिहिले: "कशाचा पुरावा?"

तेव्हा राग आला होता. मी याच जिल्ह्यातली. शहरापासून जेमतेम आठ किलोमीटरवरची ही लेणी शाळेच्या सहलीपासून पाहिलेली. हजार वर्षांपूर्वीच्या काव्यात आपल्या परिसरातल्या लेण्याची गोष्ट सापडते, मग अजून काय पाहिजे? आता सिनॉप्सिस लिहिणाऱ्या मित्रमैत्रिणींकडून तसंच वाक्य वाचायला मिळतं, तेव्हा त्या दोन शब्दांची किंमत कळते. म्हणून ही गोष्ट नीट उलगडून बघू.

गोष्ट काय आहे?

'करकंडचरिउ' हे मुनी कनकामर यांचं अपभ्रंश भाषेतलं काव्य, साधारण दहाव्या-अकराव्या शतकातलं. चंपेचा राजा करकंडू दक्षिणेतल्या चोल, चेर, पांड्य राजांवर चालून निघतो. वाटेत तेरापूरजवळ तळ पडतो. तिथला शिव नावाचा राजा त्याला सांगतो की जवळच्या डोंगरात एक लेणं आहे आणि वर एक वारूळ आहे; एक हत्ती रोज त्या वारुळाला पाणी घालतो, कमळ वाहतो. करकंडू वारूळ खणायला लावतो. आतून पार्श्वनाथाची मूर्ती निघते. ती लेण्यात आणली जाते.

लेण्यातल्या जुन्या मूर्तीच्या सिंहासनावर मात्र राजाला एक गाठ दिसते, ती त्याच्या डोळ्यांना खुपते. जाणकार शिल्पी सांगतो, लेणं कोरताना इथे झरा लागला होता, तो बुजवायला ही गाठ ठेवलीय. राजा ऐकत नाही. गाठ फोडली जाते, पाणी उसळतं आणि लेणं भरून जातं. राजा पस्तावून बसतो. तेव्हा एक दिव्य पुरुष प्रकट होऊन लेण्याचा इतिहास सांगतो. नील आणि महानील हे दोन विद्याधर भाऊ. शत्रूंनी त्यांना मुलखातून हाकललं, ते आसऱ्याला इकडे आले, तेरापुरात त्यांनी राज्य उभं केलं. लेणं त्यांच्या काळचं. वारुळातली मूर्ती मात्र आणखी दोन विद्याधर भावांनी, अमितवेग आणि सुवेग यांनी, दूर मलय प्रदेशातून आणलेली. हे ऐकून करकंडू वरच्या बाजूला नवीन लेणं कोरवतो.

अभ्यासकांनी काय केलं?

हिरालाल जैन यांनी १९३४ मध्ये हे काव्य संपादित करून कारंजा जैन ग्रंथमालेत प्रसिद्ध केलं. तेरापूर म्हणजे आजचं तेर आणि गोष्टीतलं लेणं म्हणजे धाराशिवचं लेणं, ही ओळख त्यांनी मांडली. तेर म्हणजेच प्राचीन तगर, हे फ्लीटने १९०१ मध्ये दाखवलं होतंच. हे काम मोठं आहे, आणि ही ओळख मला आजही पटते. लेण्यांमध्ये पार्श्वनाथाची मूर्ती आहे, डोंगर आहे, तेर जवळच आहे.

अडचण पुढच्या पायरीवर येते. शिलाहार राजे स्वतःला जीमूतवाहन या विद्याधराचे वंशज म्हणवत आणि 'तगरपुरवराधीश्वर' असं बिरुद लावत. गोष्टीतही विद्याधर, गोष्टीतही तेर! म्हणून जैन यांनी नील-महानील यांचा धागा शिलाहारांच्या मूळपुरुषांशी जोडला. कल्पना सुंदर आहे. पण इथे वर्तुळ तयार होण्याचा धोका आहे. शिलाहारांचं तगरमधलं मूळ सिद्ध करायला नील-महानील, आणि नील-महानील खरे ठरवायला शिलाहारांचे ताम्रपट. दोन्ही बाजू एकमेकींच्या खांद्यावर उभ्या, जमिनीवर कुणीच नाही. ताम्रपट आणि काव्य यांच्या मागे एकच प्रचलित समजूत असू शकते. तसं असेल तर ते दोन स्वतंत्र साक्षीदार नव्हेत. "दोन सोर्स जुळले" असं लिहिण्याआधी ते एकमेकांपासून वेगळे आहेत का, हे तपासायलाच हवं.

दुसरी तपासणी पाठभेदांची. करकंडू हा काही कनकामरांचा शोध नाही. 'उत्तराध्ययन सूत्रा'त तो कलिंगचा राजा म्हणून येतो, ज्या चार राजांना जैन परंपरा प्रत्येकबुद्ध मानते त्यांतला एक. बौद्ध जातकांतही याच नावाशी जुळणारा राजा अशाच चौघांत आहे. म्हणजे हा राजा दोन्ही परंपरांच्या सामाईक घरातला. 'उत्तराध्ययना'तल्या त्या उल्लेखात तेरापूर नाही, लेणं नाही, गाठ नाही. हा प्रसंग नंतर जोडला गेला. म्हणून "करकंडू धाराशिवला आला होता का?" हा प्रश्नच चुकीचा. विचारायचं असं: "त्याला इथे आणण्याची गरज कुणाला आणि कधी वाटली?"

मग गोष्ट निरुपयोगी का?

अजिबात नाही. फक्त ती वेगळ्या गोष्टीची साक्ष देते.

करकंडू नायक आहे. लेणं त्यानेच कोरलं असं सांगणं कवीला किती सोपं होतं! तरी कवी ते श्रेय त्याला देत नाही. नायकाला लेणं आयतं सापडतं, तेही कर्ता माहीत नसलेलं. कर्ता सांगायला थेट दिव्य पुरुष लागतो. शिवाय गोष्टीत लेणं एकांचं, मूर्ती दुसऱ्यांनी आणलेली, वरचं लेणं तिसऱ्याचं. म्हणजे ही जागा एका हाताने एकाच वेळी घडलेली नाही, हे सांगणाऱ्यालाही ठाऊक होतं.

आता लेण्यांकडे पाहा. बर्जेसने १८७५-७६ च्या पाहणीत इथली नोंद केली आणि लेणी जैन मानली. नंतर काही अभ्यासकांनी मुख्य लेण्याची मांडणी अजिंठ्याच्या विहारांशी ताडून पाहिली: साधारण ८० फुटांचा सभामंडप, बाजूंना खोल्या, मागे गर्भगृह. त्यावरून मूळ लेणं बौद्ध असून पुढे जैनांनी वापरलं असावं, असं मत त्यांनी मांडलं. हा वाद गोष्टीने सुटत नाही, कारण पहिला कर्ता कोण हे गोष्टीला माहीतच नाही. "लेणी कुणाची?" या आजच्या भांडणात दोन्ही बाजूंनी तिला साक्षीला उभं करणं म्हणजे तिच्या तोंडी आपलं उत्तर घालणं.

तुमच्या विषयात अशी दंतकथा आली तर तीन गोष्टी करा. जुन्या-नव्या पाठांची तुलना करून प्रसंग कधी शिरला ते बघा. कथेच्या सोयीविरुद्ध जाणारा तपशील शोधा. तो बहुधा सर्वांत मोलाचा असतो. आणि न जुळणारा तपशील खुपतो म्हणून काढून टाकू नका. तो कशासाठी तिथे आहे, हे आधी विचारा. करकंडूने गाठीच्या बाबतीत नेमकं हेच केलं नाही.

माझं वाक्य मी पुढे असं बदललं: "दहाव्या-अकराव्या शतकापर्यंत ही लेणी जुनी झालेली, कर्ता विसरलेली आणि जैन परंपरेने आपली मानलेली होती, 'करकंडचरिउ' याचा पुरावा आहे."

यावरही पेन्सिल आलीच: "तेरापूर म्हणजे तेर हे गृहीत धरलंस ना? मग तसं लिही."

लिहिलं.