कॅमेऱ्यापुढचा मुलूख, कॅमेऱ्यामागचा माणूस

सातारा जिल्ह्याला शूटिंगचं अप्रूप राहिलेलं नाही. ‘गंगाजल’साठी वाईचा परिसर बिहार झाला, ‘स्वदेस’साठी मेणवली उत्तरेतलं चरणपूर झाली. पुढं मालिकांनी वाडे भाड्यानं घेतले. त्यातून स्थानिक नटांना काम मिळालं, ‘लागिरं झालं जी’नं साताऱ्याची बोली घरोघरी पोचवली. पण इथल्याच एखाद्यानं इथल्या बोलीत, कोणा बड्या निर्मात्याच्या आधाराशिवाय सिनेमा करायचं ठरवलं, तर त्याची वाट अजून तितकीच खडतर आहे.

गोष्टींचा तुटवडा या मुलखाला कधीच नव्हता. औंध संस्थानानं आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं. तिथं कैदी भिंतींशिवाय राहत, शेती करत. त्या प्रयोगावरून माणदेशातल्याच ग. दि. माडगूळकरांनी ‘दो आँखें बारह हाथ’ची कथा लिहिली. व्ही. शांतारामांचा 1957 चा हा चित्रपट बर्लिनला गौरवला गेला. पण पडद्यावर माणदेशाची बोली नव्हती, हिंदी होती.

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ला तर पडद्यावर यायला चाळीस वर्षं लागली. कादंबरी 1955 ची, अमोल पालेकरांचा चित्रपट 1995 चा. पालेकर या मातीतले नव्हेत, पण मला ती उणीव वाटत नाही. गोष्टच मुळी धनगरवाडीत परक्यासारख्या आलेल्या तरुण मास्तराची. त्याला मेंढरं, माणसं, दुष्काळ हळूहळू उमगत जातात, तसा पालेकरांचा कॅमेराही घाई करत नाही, सलगी दाखवत नाही. चंद्रकांत मांडरेंचा कारभारी पाहताना ही संयत दृष्टी किती मोलाची आहे ते कळतं. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार ‘बनगरवाडी’ला मिळाला. आणखी एक गोष्ट विसरू नये. या चित्रपटामागं दूरदर्शन आणि एनएफडीसी, म्हणजे सार्वजनिक पैसा उभा होता. गाणी-नाच नसलेला, ओस पडत जाणाऱ्या वाडीचा सिनेमा त्याशिवाय झाला असता, असं मला वाटत नाही.

तो आधार आटल्यावर काय होतं, ते ‘तेंडल्या’नं दाखवलं. सचिन जाधव आणि नचिकेत वाईकर यांच्या या चित्रपटातलं सांगली जिल्ह्यातलं गाव तेंडुलकरच्या वेडानं झपाटलेलं आहे. इथं बाहेरून येऊन गाव समजून घेणारा मास्तर नाही. गाव स्वतःच बोलतं, आणि प्रेक्षकानं त्याच्या वेगानं ऐकायचं. 66 व्या राष्ट्रीय पुरस्कारांत ‘तेंडल्या’ला मिळालेलं पारितोषिक त्यामुळंच मला बोलकं वाटतं. ते गौरव वर्मा यांना, चित्रीकरणस्थळीच्या ध्वनिमुद्रणासाठी मिळालं. डबिंगच्या बंद खोलीत बोली पुन्हा म्हणवून घेतली की तिच्यातला दम जातो. शब्द गावाकडचे राहतात, श्वास स्टुडिओचा येतो. मालिकांतली गावरान भाषा पुष्कळदा अशीच सजावटीची होते. ‘तेंडल्या’त ती माणसांच्या अंगची आहे.

पण पुरस्कार 2019 मध्ये जाहीर झाला आणि चित्रपट थिएटरात लागला 2023 च्या मे महिन्यात. मधली दोन वर्षं महामारीनं खाल्ली, हे मान्य. तरी एवढी वर्षं थांबण्याची किंमत मोठ्या कंपनीच्या ताळेबंदात मावते, स्वतंत्र दिग्दर्शकाच्या आयुष्यात मावत नाही. पैसा अडकतो, जमवलेली टोळी पांगते, दुसऱ्या चित्रपटाची उमेद कर्जाच्या हप्त्यांत विरते.

राज्य सरकारचं अनुदान आहे. अ दर्जाला 40 लाख, ब दर्जाला 30 लाख, असं त्याचं गणित बरीच वर्षं होतं. पण ते हाती येतं चित्रपट पुरा झाल्यावर. ज्याच्याकडं आधीच घालायला पैसे आहेत, त्यालाच ते खऱ्या अर्थानं उपयोगी पडतं. संहिता आणि छोटा नमुना पाहून यातला काही भाग चित्रीकरणाआधी का देऊ नये? प्रदर्शनाचंही तसंच. 2015 मध्ये मल्टिप्लेक्सना मराठीसाठी मोक्याची वेळ ठेवायला सांगितलं गेलं, पण आटपाडी, दहिवडी, जतच्या प्रेक्षकाला त्याचा काय उपयोग? सांगलीत विष्णुदास भाव्यांच्या नावाचं नाट्यमंदिर आहे, साताऱ्यात शाहू कलामंदिर आहे. महिन्यातली एक संध्याकाळ तिथं अशा चित्रपटांना द्यावी, तिकीट लावावं आणि गल्ल्यातला ठरलेला वाटा त्याच आठवड्यात दिग्दर्शकाच्या खात्यावर जमा करावा.