तीन आकडे, चार ओळी

सेवा पुरवणाऱ्या कंपनीच्या राउटरवर, सिस्कोच्या आयओएस एक्सई प्रणालीत, एखाद्या पोर्टखाली अशा चार ओळी आढळतात :

सर्व्हिस इन्स्टन्स १० इथरनेट
एन्कॅप्सुलेशन डॉट१क्यू १००
रीराइट इन्ग्रेस टॅग पॉप १ सिमेट्रिक
ब्रिज-डोमेन ५००

वरवर पाहता रुक्ष मजकूर. पण यातल्या १०, १०० आणि ५०० या आकड्यांचा एकमेकांशी सुतराम संबंध नाही, आणि सगळी गंमत त्यातच आहे.

साध्या स्विचवर व्हीलॅन १०० म्हणजे सगळीकडे १००. टॅगमधला आकडा हीच फ्रेमची ओळख आणि तेच तिचं ठिकाण. त्या चार बाइटांच्या टॅगमध्ये व्हीलॅन क्रमांकाला १२ बिटांचीच जागा. ४०९६ पैकी ० आणि ४०९५ राखीव, उरले ४०९४. एका कचेरीला ते उदंड होतात, पण असंख्य ग्राहकांची वाहतूक वाहणाऱ्याला तोकडे पडतात. त्यात दोन ग्राहकांनी आपापल्या घरी १०० हाच आकडा धरला असला, की पंचाईतच. २००१ साली स्थापन झालेल्या मेट्रो इथरनेट फोरमनं इथरनेट व्हर्च्युअल कनेक्शनची व्याख्या केली ती ग्राहकाच्या जोडणीच्या टोकांमधलं नातं अशी. नातं टोकांचं ठरलं आणि टॅगचा आकडा गौण झाला. वरच्या ओळी म्हणजे त्या विचाराचं राउटरवरचं रूप.

पहिल्या ओळीतला १० त्या पोर्टपुरताच. तो तारेवरून कधी जात नाही; शेजारच्या पोर्टवर वेगळा १० खुशाल नांदतो.

दुसरी ओळ ओळख पटवते : बाहेरचा टॅग १०० असलेली फ्रेम माझी. याच पोर्टवर आणखी एक इन्स्टन्स ‘डॉट१क्यू १०० सेकंड-डॉट१क्यू २००’ असं मागत असेल, तर दोन्ही टॅग जुळणारी फ्रेम तिकडे जाते, मग ती ओळ नंतर का लिहिलेली असेना. ॲक्सेस लिस्टमध्ये आधी जुळलेली ओळ बाजी मारते. इथं अधिक नेमकी अट.

तिसऱ्या ओळीचा जीव शेवटच्या शब्दात आहे. आत येताना बाहेरचा एक टॅग काढायचा, हे ‘पॉप १’नं सांगितलं. ‘सिमेट्रिक’ म्हणतं, याच दारानं बाहेर पडणाऱ्या फ्रेमला तोच टॅग परत लावायचा. परतीच्या वाटेसाठी वेगळी ओळ नाही. आता दुसऱ्या ओळीत १०० ऐवजी १०० ते ११० असा पल्ला देऊन पाहा : ही पॉपची ओळ स्वीकारलीच जात नाही. अकरांपैकी कोणता टॅग परत लावायचा, हे कुठून कळणार? जो शब्द पाळता येणार नाही, तो ही प्रणाली देऊच देत नाही.

चौथी ओळ म्हणजे वाड्याचा चौक. दारं कितीही असोत, चौक एकच. समजा त्याच ग्राहकाच्या दुसऱ्या कार्यालयासाठी दुसऱ्या पोर्टवर सर्व्हिस इन्स्टन्स २० आहे, टॅग २००, पॉपची तीच ओळ, आणि ब्रिज-डोमेन पुन्हा ५००. पहिल्या कार्यालयातून १०० घेऊन आलेली फ्रेम चौकात बिनटॅगाची उतरते, मॅक पत्ता पाहून तिचं दार ठरतं आणि बाहेर पडताना तिच्यावर २०० चढतो. दोन्ही कार्यालयं आपापल्या आकड्यावर खूश. पलीकडे कोणता आकडा आहे, हे कुणाला ठाऊक असण्याची गरज नाही. तिसऱ्या पोर्टवरच्या परक्या ग्राहकाचा १०० ब्रिज-डोमेन ६०० मध्ये गेला, की या दोन १००ची गाठ कधीच पडत नाही.

प्रत्यक्षात मात्र बरेच जण सवयीनं तिन्ही जागी एकच आकडा लिहितात : इन्स्टन्स १००, डॉट१क्यू १००, ब्रिज-डोमेन १००. लक्षात ठेवायला सोपं, पण वाचणाऱ्याला वाटतं की एकाच गोष्टीचा तीनदा उच्चार झाला. मग एखादा ग्राहक म्हणतो, ‘आमच्या एका कार्यालयाचा व्हीलॅन उद्यापासून ३००’, आणि रात्रपाळीचा अभियंता तिन्ही आकडे बदलायला बसतो. इन्स्टन्स हलवायचं कारण नव्हतं आणि ब्रिज-डोमेन हलवला तर दुसरं कार्यालय तुटतं. बदलायचा होता तो फक्त दुसऱ्या ओळीतला आकडा. आणि १०, १००, ५०० असं लिहिलेलं असतं, तर ते त्याला नुसत्या नजरेनं कळलं असतं.