खासगीचा हिशेब

फोनवर नवे ॲप उतरवले की ते संपर्कयादी मागते, छायाचित्रे मागते, आपण कुठे आहोत तेही विचारते. आपण ‘परवानगी द्या’ या बटणावर बोट ठेवून मोकळे होतो. कोणी हटकलेच, तर उत्तर तयार असते : ‘आपल्याकडे लपवण्यासारखे आहे तरी काय?’ शिकल्यासवरल्या माणसांकडून, अगदी संगणकाच्या व्यवसायातल्यांकडूनही मी हे ऐकत आलो आहे. यामागे अज्ञान किंवा आळस आहे, असे सहसा म्हटले जाते. मला मात्र या उत्तराचे मूळ बऱ्याच अंशी एका शब्दात दिसते.

‘प्रायव्हसी’साठी मराठी पडद्यांवर रूढ झालेला शब्द आहे ‘गोपनीयता’. ॲपच्या तळाशी ‘गोपनीयता धोरण’ असते, सेटिंगमध्ये ‘गोपनीयता’ नावाचा कप्पा असतो. ‘गुप्’ या धातूचा एक अर्थ रक्षण करणे असाही आहे. पण आपल्या कानाला हा शब्द ओळखीचा झाला तो सरकारी कामकाजातून. मंत्री पदाची आणि गोपनीयतेची शपथ घेतात. कर्मचाऱ्याचा गोपनीय अहवाल लिहिला जातो. लिफाफ्यावर ‘गोपनीय’ असा शिक्का पडतो. सत्तेने आपली माहिती झाकण्यासाठी वापरलेला हा शब्द सामान्य माणसाच्या हाती दिला, की तो साहजिकच म्हणतो, माझ्याकडे कसले आले आहे गुपित?

आता ‘खासगी’ हा शब्द पाहा. होळकरांच्या राज्यात ‘दौलत’ आणि ‘खासगी’ असे दोन वेगळे हिशेब असत. दौलत राज्याची, खासगी राजघराण्यातील स्त्रीच्या अखत्यारीतली. काशीपासून सोमनाथापर्यंत अहिल्याबाईंनी जी धर्मकार्ये केली, त्यांच्याशी या खासगीचे नाव जोडलेले आहे. त्यात लपवालपवी नव्हती. खासगी आहे हे सर्वांना ठाऊक होते. तिच्यावर हुकूम कोणाचा चालेल, हेही ठरलेले होते. गोपनीय म्हणजे इतरांना कळू नये ते. खासगी म्हणजे इतरांना कळले, तरी ज्यावरचा अधिकार माझाच राहतो ते. आपण फोनवर जे गमावतो ते बहुतेक वेळा या दुसऱ्या प्रकारचे असते.

कर्ज देणाऱ्या ॲपचे उदाहरण घ्या. माझ्या फोनमधले मावशीचे, शेजाऱ्याचे, वरिष्ठांचे नंबर हे काही गुपित नव्हे. पण हप्ता थकल्यावर वसुलीवाला याच नंबरांवर फोन करून माझी बेअब्रू करू लागतो, तेव्हा ती साधी यादी हत्यार बनते. असे प्रकार इतके झाले, की रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२च्या मार्गदर्शक सूचनांत कर्जाच्या ॲपना संपर्कयादी आणि कॉलच्या नोंदींना हात लावण्यास मनाई केली. इथे ‘लपवण्यासारखे काय आहे’ हा प्रश्नच गैरलागू ठरतो. मावशीचा नंबर लपवायचा नव्हताच. तो कोणी, कशासाठी वापरायचा एवढेच ठरवायचे होते.

आपल्या न्यायालयीन इतिहासातही हाच पेच आहे. उत्तर प्रदेशातल्या खडक सिंग यांना दरोड्याच्या प्रकरणात पुराव्याअभावी सोडून दिले होते. तरीही पोलीस रात्री-अपरात्री त्यांचे दार ठोठावत. १९६२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या रात्रीच्या भेटी रद्द केल्या, पण प्रायव्हसी हा हमी दिलेला हक्क नाही, असेही बहुमताने म्हटले. ते मत पुसायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडावा लागला. त्या दिवशी निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या खटल्यात नऊ न्यायाधीशांनी एकमताने हा मूलभूत हक्क मानला. दार ठोठावले जाताना आत काही लपवलेले होते की नाही, यावर झोपेचा हक्क अवलंबून नसतो.

यावर एक आक्षेप येतो : हे पाश्चात्त्य खूळ आहे, चाळीत आणि वाड्यात कोणाला होती प्रायव्हसी? पण वाड्यालाही ओटी होती, माजघर होते, देवघर होते. कोणी कुठवर यायचे याचे नियम होते. ते नियम जातीचे आणि पुरुषांचे होते, हा त्यांचा मोठा दोष. म्हणूनच आज ही रेषा घराण्याने किंवा कंपनीने आखू नये, ज्याची त्याने आखावी. जानेवारी २०२१मध्ये व्हॉट्सॲपने नव्या अटी पुढे केल्या, तेव्हा भारतातल्या वापरकर्त्याला त्या मान्य करा किंवा ॲप सोडा, एवढाच पर्याय दिला होता. स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४मध्ये याच कारणावरून मेटाला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड केला. पुढे त्यावर अपीलही झाले.

२०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण आणि बिनशर्त हवी, आणि ती मागणारी सूचना आठव्या अनुसूचीतल्या भाषांत, म्हणजे मराठीतही, वाचता आली पाहिजे. याच कायद्याने माहिती अधिकाराच्या कायद्यातले कलम ८ही बदलले. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, किंवा ती दिल्याने कोणाच्या खासगी आयुष्यात विनाकारण ढवळाढवळ होईल, हे दाखवावे लागे. आता ती ‘वैयक्तिक’ आहे एवढे कारण पुरते. व्यापक जनहिताची वाट तेवढी दुसऱ्या उपकलमात उरली आहे. नागरिकाच्या खासगीसाठी आणलेल्या कायद्यातून अधिकाऱ्याची गोपनीयता अशी बळकट झाली. दोन्हींना एकच शब्द असला, की ही अदलाबदल कोणाच्या ध्यानातही येत नाही.

म्हणून मराठीत येणाऱ्या त्या सूचना कोण लिहितो, याकडे आपले लक्ष हवे. इंग्रजी मसुद्याचे शब्दशः भाषांतर करून ‘आमच्या गोपनीयता धोरणास संमती द्या’ असे छापले, तर कायदा पाळला जाईल आणि माणूस पुन्हा न वाचताच बोट ठेवील. ‘तुमची ही खासगी माहिती आम्ही अमुक कामासाठी, अमुक दिवस वापरू, नाही म्हणालात तरी ॲप चालेल’ असे लिहिले, तर तो निदान क्षणभर थांबेल. अशी मराठी लिहिणे अवघड नाही. ती मागणारे वाचक मात्र हवेत.