तीन सूचींचे गद्य

जमिनीचे वाटणीपत्र ज्याने नीट वाचले आहे, त्याला भारतीय संविधानाची सातवी अनुसूची परकी वाटणार नाही. बांध कुठला, विहिरीचे पाणी कोणाचे, गाडीवाट कोणी सोडायची, हे तिथे जितके बारकाईने लिहिलेले असते, तितक्याच बारकाईने केंद्राने कशाचे कायदे करायचे आणि राज्यांनी कशाचे, हे इथे मांडले आहे. उद्देशिका अनेकांना पाठ असते. ही अनुसूची मात्र वकील आणि स्पर्धा परीक्षेला बसलेली मुले सोडली तर फारसे कोणी उघडत नाही. संघराज्याचा खरा रस तिच्यातच आहे.

साचा जुना आहे, १९३५च्या भारत सरकार कायद्याचा. १९५० साली त्यातून तीन सूची उभ्या राहिल्या: संघाच्या ९७ नोंदी, राज्यांच्या ६६ आणि दोघांनाही हात घालता येईल अशा समवर्ती सूचीच्या ४७. संघसूची संरक्षणाने सुरू होते. अणुऊर्जा, परराष्ट्र व्यवहार, रेल्वे, चलन असा तिचा थाट. त्यानंतर राज्यसूचीकडे वळले की आपण एकदम गावात येतो. जत्रा आणि बाजार, धर्मशाळा, सावकारी, गुरांचे कोंडवाडे, जुगार, जमिनीत सापडलेले गुप्तधन, दफनभूमी आणि दहन. माणूस आजारी पडला तर दवाखाना राज्याच्या सूचीत, मेला तर स्मशानही राज्याच्याच. वैभव पहिल्या सूचीत असेल, पण संसार दुसरीत आहे.

या गद्याची खरी गंमत नोंदींच्या शेपटांत आहे. ‘वगळून’, ‘धरून’, ‘अधीन राहून’ असे शब्द येतात तिथे थांबावे. तीर्थयात्रा राज्याच्या, पण भारताबाहेरच्या वगळून. म्हणून पंढरीची वारी राज्याकडे आणि हजयात्रा केंद्राकडे. मासेमारी राज्याची, पण होडी प्रादेशिक समुद्राच्या पलीकडे गेली की विषय केंद्राचा. नाटक राज्याचे आणि सिनेमाचे थिएटरही राज्याचे. पडद्यावर दाखवायच्या चित्रपटाला मंजुरी मात्र केंद्राची. रेल्वे सबंध केंद्राची, पण पोलिसांच्या नोंदीत रेल्वेचे पोलीस स्पष्टपणे धरलेले आहेत. मुंबईच्या लोकलमध्ये खिसा कापला गेला तर फिर्याद लोहमार्ग पोलिसांकडे जाते, ते राज्याचे; त्याच फलाटावर रेल्वेच्या मालमत्तेची राखण करणारे दल केंद्राचे. दोन गणवेश, एक फलाट: सातवी अनुसूची इथे डोळ्यांनी पाहता येते.

पाण्याच्या नोंदीचे शेपूट सर्वांत लांब पल्ल्याचे. पाणीपुरवठा, सिंचन, कालवे, बंधारे, जलसाठे राज्याचे. पण संघसूचीतल्या ५६व्या नोंदीला अधीन राहून, आणि ती नोंद आंतरराज्य नद्यांची. या एका अटीतून केवढा इतिहास वाहिला! कृष्णेच्या पाण्यावरून महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र प्रदेश यांच्यात तंटा झाला, तेव्हा १९६९ मध्ये न्यायमूर्ती बचावत यांचा लवाद नेमावा लागला. धरण कुठल्याही राज्याने बांधावे. नदी एकट्याची नाही, हे मसुदा लिहिणाऱ्यांनी आधीच ओळखले होते.

सूची वाचताना बरोबरीचा भास होतो. तो मोडायचा तर कलम २४६ शेजारी ठेवावे. संसदेला अधिकार देणारे पहिले वाक्य पुढच्या दोन खंडांना बाजूला सारून सुरू होते. राज्याला अधिकार देणारे तिसरे वाक्य आधीच्या दोघांपुढे मान लववून. श्रेष्ठ कोण, हे कुठेही ठणकावून सांगितलेले नाही. वाक्यरचनेनेच ते ठरवले आहे. उरलेसुरले सगळे विषयही संघाच्या ९७व्या नोंदीत जातात. अमेरिकेत उरलेले राज्यांना मिळते, कॅनडात केंद्राला. आपण कॅनडाची वाट धरली. देश नुकताच फाळणीतून निघाला होता, हे ध्यानात घेतले की या निवडीचे नवल वाटत नाही.

तरीही बांध कितीही नीट आखला तरी विषय एकमेकांच्या शिवारात शिरतातच. जुन्या मुंबई राज्याच्या १९४९च्या दारूबंदी कायद्याचे तेच झाले. बलसारा नावाच्या मुंबईकराने त्याला आव्हान दिले. मादक पेये राज्याचा विषय, आयात केंद्राचा. मग परदेशातून आलेली बाटली कोणाची? १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा गाभा पाहिला. गाभा दारूबंदीचा आहे, आयातीला त्याचा धक्का लागतो तो ओघाने, म्हणून राज्याचा अधिकार टिकला. औषधी आणि प्रसाधनाच्या द्रवांवरचे निर्बंध तेवढे गळाले, तेही वेगळ्या कारणाने. अनुसूचीतली नोंद कशी वाचावी, याचा हा उत्तम धडा आहे: शब्दाला चिकटून नव्हे, कायद्याचा रोख पाहून.

या गद्यात खाडाखोडही झाली आहे आणि तीही वाचनीय आहे. आणीबाणीत, १९७६च्या ४२व्या घटनादुरुस्तीने शिक्षण, वने, वजने-मापे आणि वन्यप्राण्यांचे संरक्षण राज्यसूचीतून उचलून समवर्ती सूचीत नेले. किमान निम्म्या विधिमंडळांची संमती लागते, ती मिळाली. तरी काळ पाहता तिला मोकळी संमती म्हणवत नाही. २०१६च्या १०१व्या दुरुस्तीने राज्यसूचीतली ५२वी नोंद गेली, शहरात येणाऱ्या मालावरच्या कराची. १ जुलै २०१७ला वस्तू व सेवा कर आला आणि मुलुंड-दहिसरचे जकात नाके थंडावले. बदल्यात जी परिषद आली तिच्यात केंद्राच्या मताचे वजन एक तृतीयांश, सर्व राज्यांचे मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश हवे. केंद्राला एकट्याने काही करता येत नाही. सगळी राज्ये एक झाली तरी केंद्राविना त्यांचे भागत नाही. जुन्या सूचीच्या ‘हे तुझे, हे माझे’पेक्षा हे लेखन निराळे आहे.

दोष सांगायचा तर हाच: या अनुसूचीने राज्यांना कामे भरपूर दिली आणि कुंपण तोकडे दिले. गुण असा की, सत्तर वर्षांहून अधिक काळ भांडणारी राज्ये आणि केंद्र अजूनही तिच्याच नोंदींचे क्रमांक सांगत भांडतात. संविधानाची मराठी प्रत उपलब्ध आहे. पुढच्या निवडणुकीआधी तिच्यातली ही शेवटाकडची पाने एकदा वाचा, आणि उमेदवार जे आश्वासन देतो आहे तो विषय तो ज्या सभागृहात जाणार तिथला आहे का, एवढे ताडून पाहा.